मुळ्याचं बी आणि पुण्याची बुरशी

पुणे
१८ जून २०२४

फुफी, सलाम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही "हां, हां" म्हणत राहता, म्हणून हे पत्र. परवा मी गळा फाडून सांगितलं की तुमचं मुळ्याचं बी भलतंच गुणाचं निघालं, तर तुम्ही म्हणालात, "हां, जेवले मी." वसतिगृहातल्या मुली अजून हसताहेत.

रमजान ईदला मी तलवाड्याला आले होते तेव्हा तुम्ही रुमालात बांधून जे बी दिलंत, त्याचं काय केलं ते सांगते. तुम्ही नेहमी म्हणता ना, की ओल जास्त झाली की सगळ्यांची कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी होतात, पण आपला मुळा उभा राहतो. लहानपणी मीही ते पाहिलंय. त्याचं कारण शोधणं हाच माझा इथला अभ्यास आहे. बी रुजताना त्याची साल फाटते आणि तेवढ्या फटीतून मातीतली बुरशी आत शिरायला बघते. नेमकं त्याच वेळी बी आपल्या पोटातून एक बारीकसं प्रथिन बाहेर सोडतं. आम्ही त्याला पेप्टाइड म्हणतो. ते बुरशीच्या अंगाला चिकटतं आणि तिची वाढ थांबवतं. मुळ्याच्या बियांत असं काही असतं हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक आहे. आपल्या घरच्या मुळ्यात ते किती आहे, कसं आहे, हे मात्र कुणी पाहिलेलं नाही.

मी काचेच्या बशीत बुरशी वाढवली आणि मधे तुमचं बी ठेवलं. काही दिवसांनी सगळी बशी पांढऱ्या लवेनं भरली, पण बियाभोवती स्वच्छ गोल रिंगण! बुरशी तिथे फिरकलीच नाही. फुफी, मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवत उभी होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्या बशीचा फोटो भिंतीवर लावलाय.

पण एकदा आलं म्हणजे झालं, असं इथे चालत नाही. तेच पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि माझ्याकडचं बी संपलं. आणखी पाठवाल का? तेच, त्याच डब्यातलं. फुफांना सलाम सांगा.

तुमची अदिबा


तलवाडा
३० जून २०२४

अदिबा बेटी, खूप खूप दुआ.

पत्र मी दोनदा वाचलं, मग शेजारच्या मनकर्णाला वाचून दाखवलं. तुझे फुफा पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती करत बसले होते, त्यांनीही कान दिला. तिघांपैकी एकालाही धड कळलं नाही, पण तिघांनाही आनंद झाला.

मला एवढंच सांग, बुरशी तू स्वतःच लावतेस, तिला खाऊपिऊ घालतेस, आणि मग ती मेली की टाळ्या वाजवतेस, हा काय प्रकार आहे? इकडे लोणच्याला बुरशी आली तर बाई आठ दिवस कुणाला तोंड दाखवत नाही. आणि माझ्या भावाची लेक पुण्याला जाऊन ती बशीत वाढवते आणि कपाटात जपते! मनकर्णा म्हणाली, "तिला म्हनावं पुण्याला जायाची काय गरज व्हती, माझ्या घरात फुकट वाढती." मी म्हटलं, तुझी बुरशी अडाणी, ती शिकलेली.

बी पाठवलंय, पाकिटात बघ. माझ्या सासूच्या हातचं बी आहे, दर साली चार मुळे न उपटता राखते, त्यांना डिंगऱ्यांच्या शेंगा धरल्या की वाळवून बी काढते. या वेळी ईदसारखं घाईघाईत बांधून दिलेलं नाही. मॅडमच्या डोळ्यांसमोर जाणार म्हणून नीट निवडून, एकसारखं टपोरं बी पाठवलंय. इथे बाजरीची पेरणी जोरात आहे. तुझा अब्बा कलीम पाटोद्याहून फोन करतो तेव्हा तुझ्या परीक्षेचं विचारतो, म्हणजे विचारत असावा.

तुझी खतीजाफुफी


पुणे
२७ जुलै २०२४

फुफी, सलाम.

बी मिळालं. इतकं देखणं बी मी पाहिलं नव्हतं, मॅडमसुद्धा म्हणाल्या. पण मी पार गोंधळून गेलेय.

रिंगण येत नाही. सगळं मागच्यासारखंच केलं. तीच बुरशी, त्याच बशा, तीच उष्णता. बी रुजतं छान, मोड दणदणीत येतो, आणि बुरशी सरळ चालत येऊन त्याच्या अंगावर चढते. पहिल्यांदा वाटलं, माझा हात चुकला. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून करून घेतलं. तेच. त्याच डब्यातलं बी ईदला बुरशीला हात लावू देत नाही आणि पावसाळ्यात तिला घरात घेतं, हे कसं?

रागावू नका, पण विचारावंच लागतंय. बी तेच होतं ना? दुसऱ्या वाफ्यातलं, गेल्या सालचं, कुणाकडून आणलेलं असं नव्हतं ना? आणि त्याला कसली पावडर, कसलं औषध लावलं होतं का? आत्ता किंवा ईदच्या वेळी? ईदच्या बियाला औषध लावलेलं असेल तर ते रिंगण बियाचं नाही, औषधाचं. मग माझा फोटो खोटा ठरेल.

तुमची अदिबा


तलवाडा
९ ऑगस्ट २०२४

अदिबास दुआ.

पावडर? मी? बाजारातल्या औषध लावलेल्या गुलाबी बियाला मी हात लावत नाही हे तुझ्या फुफांना विचार, सगळ्या तलवाड्याला विचार. बी तेच. डबा तोच. झाकणही तेच. ना ईदला पावडर लावली, ना आता. मनकर्णा साक्षीला आहे.

तुझं पत्र वाचून मला राग आला होता, तो भाकरी थापताना उतरला. मग मीच विचारात पडले. पोस्टात पाकीट कुठे तापलं असेल का? की पुण्याच्या हवेत बी बिथरलं? इथून पुण्याला गेलेली माणसं बदलतात, तर बी का नाही बदलणार? तुझे फुफा म्हणतात, बुरशीच या खेपेला जबर आणली असेल. मनकर्णा म्हणते नजर लागली, फोटो भिंतीवर लावायला नको होता. मला यातलं काहीच पटत नाही, आणि दुसरं सुचतही नाही.

तू बारीक झालीस का? कलीम तुझ्या फुफांना म्हणाला, आवाज उतरलाय.

फुफी


पुणे
२ सप्टेंबर २०२४

फुफी, सलाम.

तुम्हाला सांगणार नव्हते, पण आता न सांगून भागत नाही.

परवा मॅडमनी मला खोलीत बोलावलं. भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला होता. म्हणाल्या, "अदिबा, बी ठेवताना शेजारी औषधाचा एखादा थेंब पडला होता का? किंवा टाकला होता का?" शब्द मऊ होते, पण अर्थ तोच. मी खोटं केलं असं त्यांना वाटतंय. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. फुफी, मला इतकी लाज वाटली की मला माझंच खरं वाटेना. रात्रभर आठवत बसले, खरंच काही टाकलं होतं का मी?

ऑक्टोबरच्या शेवटी समितीपुढे सगळं मांडायचंय. रिंगण परत आलं नाही तर पुढची शिष्यवृत्ती बंद. आणि ती बंद झाली तर अब्बांनी स्पष्ट सांगितलंय, सामान बांधून पाटोद्याला यायचं. परळीचं एक स्थळ त्यांनी पाहून ठेवलंय. मुलगा वाईट नाही म्हणे. वाईट नसेलही. पण मला हे काम सोडून कुठेच जायचं नाही. हे मी त्यांना सांगू शकत नाही, तुम्हाला सांगतेय.

एकच मार्ग आहे. डब्यात जे बी उरलं असेल ते पाठवा. निवडू नका, काही करू नका, मूठभर उचला आणि पाकिटात टाका. लवकर.

अदिबा


पुणे
२९ सप्टेंबर २०२४

फुफी,

तुमचं पत्र नाही, बी नाही. फुफांच्या फोनवर दोनदा बोलले, ते म्हणाले, "ती बरी हाय, लिहील." तुम्ही रागावलात का? मी पावडरीचं विचारलं म्हणून? माफ करा. मला बियावर संशय नव्हता, मला कशावरच भरवसा उरला नाही.

हाताशी तुम्ही दुसऱ्यांदा पाठवलेल्यातलं थोडं बी आहे, पण त्याचा काय उपयोग? नसेल द्यायचं तर तसं कळवा. नुसतं गप्प राहू नका.

अदिबा


तलवाडा
६ ऑक्टोबर २०२४

अदिबा बेटी,

रागावले नाही. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. डब्यात बी नाही. एक दाणा नाही. दुसऱ्या खेपेला होतं नव्हतं ते सगळं तुला पाठवलं. पेरायलासुद्धा ठेवलं नाही. म्हटलं, पोरीची परीक्षा एकदाच होते, मुळा काय, कुणाकडून तरी आणून पेरता येईल. सासूचं बी माझ्या हातानं संपलं, हे तुझ्या फुफांनाही अजून सांगितलेलं नाही. त्यातून तू लिहिलंस की बी चालत नाही. मग मी काय लिहू?

गावभर फिरले. कुणाकडे आपलं बी सापडतं का पाहिलं. सगळीकडे दुकानातलं पुडीचं. कुठूनही आणून तुला आमचंच म्हणून पाठवावं असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, नको, पोरगी आधीच गोंधळलीय.

तू म्हणतेस काही करू नका. मला तर वाटलं होतं, ईदला मी काहीच केलं नव्हतं हीच माझी चूक. दुसऱ्या खेपेला मी किती जपलं ते तुला लिहिलंही नव्हतं. तेव्हा मनकर्णा पेरणीसाठी बाजरी मिठाच्या पाण्यातून काढत होती. बाजरीत काळे रोगट दाणे असतात ते मिठाच्या पाण्यात वर तरंगतात, चांगला दाणा तळाला बसतो, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, बाजरीला एवढा मान, तर माझ्या पोरीच्या बियाला का नको? तिच्याच घमेल्यात मुळ्याचं बी टाकलं. वर आलेलं पोकळ बी कोंबड्यांना घातलं, तळाला बसलेलं तेवढं टपोरं बी आपल्या बोअरच्या पाण्यानं धुतलं, सावलीत सुकवलं आणि तुला पाठवलं. एवढं करूनही ते बुरशीला घाबरतं, याचं मला वाईट वाटतं.

परळीचं कळलं. कलीम माझ्याशी बोलला नाही. मला विचारून काही करायची त्याला सवय नाही आणि मलाही मधे पडायची सवय नाही.

फुफी


पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

फुफी, सलाम, सलाम, सलाम.

कारण सापडलं! तुमच्या बियात काहीही खोट नाही. इथलं पाणी खराब होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या पाण्यात क्षार उतरले होते, खारटपणा आला होता, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

पेप्टाइड बुरशीला चिकटतं ते एका ओढीनं. त्याच्यावर एका जातीची वीज, बुरशीच्या अंगावर दुसऱ्या जातीची. मधे मीठ किंवा क्षार आले की ते दोघांनाही झाकून टाकतात आणि ओढ संपते. पेप्टाइड असतं, पण बुरशीपर्यंत पोचून काही करू शकत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. डोळ्यांसमोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही.

मॅडमना नुसतं सांगून भागलं नसतं. खाण्यासाठी मोड आणतात तसलं, औषध न लावलेलं साधं मुळ्याचं बी मी दुकानातून आणलं. अर्ध्याला साधं पाणी दिलं, अर्ध्याला खारट. साध्या पाण्यातल्या बियाभोवती लहानसं का होईना, पण रिंगण आलं. खारट पाण्यातल्या एकाही बियाला नाही. मॅडमनी बशा स्वतः उचलून उजेडात धरल्या. बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला जे विचारलं ते विचारायला नको होतं." मी बाहेर येऊन रडले. आनंदानं रडले म्हणायला हरकत नाही.

पण आपल्या मुळ्याचं रिंगण दुकानातल्या बियापेक्षा मोठं आहे, हे दाखवायला आपलंच नवं बी हवं. मॅडम समितीकडून एप्रिलपर्यंत मुदत मिळवून देणार आहेत, वसतिगृहात राहताही येईल. सोबत पाकीट आहे. तुम्ही पाठवलेल्यातलं माझ्याकडे उरलेलं सगळं बी त्यात आहे, रुजायला अगदी ठणठणीत आहे. ते पेरा. सासूबाईंचं बी संपलेलं नाही, फुफी. मार्चमध्ये डिंगऱ्या वाळल्या की बी काढा आणि कोरडंच पाठवा. धुऊ नका, पाण्यात टाकू नका, निवडू नका. अगदी काहीही करू नका.

अब्बा मात्र मुदतीचं ऐकायला तयार नाहीत. "एप्रिलनंतर अजून एक एप्रिल येईल," म्हणतात. परळीचे लोक दिवाळीनंतर येणार आहेत. तिथे काय होईल ते कळत नाही.

तुमची अदिबा


तलवाडा
५ नोव्हेंबर २०२४

अदिबा बेटी, लाख लाख दुआ.

मी सातवीपर्यंत शिकलेय, पण मला अगदीच येडी समजू नकोस. पाणी पुण्याचं खारट आणि बी मात्र फक्त माझ्याच हातचं नासलं? ईदला पुण्याचं पाणी गोड होतं का? आणि शेवटी तीनदा लिहिलंस, धुऊ नका, पाण्यात टाकू नका, काहीही करू नका. ज्याचं पाणी खराब असतं त्याला असं लिहायची गरज पडत नाही. मीठ मी घातलं. वर बोअरच्या पाण्यानं धुतलं, ज्या पाण्यानं तांब्याला पांढरे थर चढतात. माझ्यामुळे तुझ्या मॅडमनी तुला चोर ठरवलं आणि तू मलाच झाकलंस.

हे लक्षात आलं तेव्हा मी बियाचं पाकीट मांडीवर घेऊन बसून राहिले. मनकर्णानं विचारलं, "कावून रडती?" मी म्हटलं, मला कळेना झालंय की माझ्या हातून वाईट झालं म्हणून रडतेय, की एवढी लांब राहून पोरीनं माझी लाज राखली म्हणून.

बी पेरलं. दुसऱ्या दिवशी वेणी घातली, बुरखा चढवला आणि एकटीच एसटीनं बीडला, तिथून पाटोद्याला गेले. कलीम बाजारात गाड्यावर सीताफळं मांडत होता. मला पाहून दचकला.

"आपा, तुमी? एकट्याच कावून आल्या?"

"परळीवाल्यांना येऊ नका म्हनून सांग."

"काय झालं? पोरगी काय बोलली?"

"ती काय बी बोलली न्हाई. तिचं काम चुकलं न्हाई, माझं चुकलं. तिच्या बियाला मी मीठ लावलं. तिनं ते शोधलं, तिच्या मॅडमला दाखवलं, अन् मला सांगितलंसुदिक न्हाई."

त्याला मी सगळं सांगितलं, रिंगणापासून घमेल्यापर्यंत. मीठ आणि विजेचं मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं. निम्मं चुकीचंही असेल. गिऱ्हाईक येऊन फळं दाबून निघून जात होतं, तो लक्ष देत नव्हता. तो वाईट नाही, अदिबा. तो थकलाय. लोक रोज विचारतात, पोरगी कुठवर शिकणार, आणि त्याच्याकडे सांगायला काही नसतं.

"आपा, तीन वरसं झाली," तो म्हणाला. "एका मुळ्यापायी पोरीला कुठवर घराबाहेर ठिवायची?"

"बी येईस्तोर."

"अन् आलंच न्हाई तर?"

"तर फुडच्या साली परत पेरीन."

माझ्या भावापुढे मी आजवर असं बोलले नव्हते. मग त्यानं फडक्यानं हात पुसले, खिशातून फोन काढला आणि माझ्या देखत परळीला लावला. मला ऐकू यावं म्हणून तो मोठ्यानं बोलला, सगळा बाजार वळून बघायला लागला.

"न्हाई, सध्या न्हाई जमायचं," तो ओरडून म्हणाला. "आमची पोरगी शिकती हाय."

तुझी खतीजाफुफी